ओसरीचें काचघर आणि पायाखालची ओल

गेल्या कांहीं वर्षांत आपल्या घरबांधणींत एक नवी हौस शिरली आहे, आणि ती हौस आम्हांस मनापासून आवडते. घरापुढील ओसरी किंवा मागील पडवी काचेच्या तावदानांनीं बंद करून घ्यावयाची, वर थोडेंफार पारदर्शक छप्पर घालावयाचें, आंत चार वेताच्या खुर्च्या, दोन-चार कुंड्या आणि एक पुस्तकांचें कपाट ठेवावयाचें. मग भिजल्यावांचून पावसाची झड पाहतां येते, थंडींत कोंवळें ऊन अंगावर घेतां येतें, आणि उन्हाळ्यांत कुरडया-पापडांना धूळ न लागतां ऊन मिळतें. एकत्र कुटुंबांत ज्या एका जागेची नेहमींच वाण असते, म्हणजे आजोबांना पोथी वाचतां यावी, मुलांना अभ्यास करतां यावा आणि घरांतील स्त्रियांना घटकाभर निवांत टेकतां यावें अशी जागा, ती या योगानें घरांतल्या घरांत निर्माण होते. विलायतेंत स्थायिक झालेल्या मुलांकडे वा पुतण्यांकडे जे जाऊन आले आहेत, त्यांनीं तेथें अशा खोल्या पाहिल्याच असतील. तिकडे त्यांस कॉन्झर्व्हेटरी म्हणतात. आपण साधेपणानें काचघर म्हणूं.

ही हौस पुरी करतांना बहुतेक गृहस्थ सारा विचार डोळ्यांसमोरच्या गोष्टींचा करतात. काच एकेरी कीं दुहेरी, चौकट लांकडी कीं ॲल्युमिनियमची, पडदे कोणत्या रंगाचे, यांवर घरांत आठ-आठ दिवस खल होतो. फरशी शहाबादी कीं चकचकीत हाही वाद चांगला रंगतो. परंतु त्या फरशीच्या खालीं काय असावें, हा प्रश्न मात्र बहुधा गवंड्याच्या मर्जीवर सोंपविला जातो. आमचें म्हणणें असें कीं, हा क्रम नेमका उलटा हवा. तावदान फुटलें तर एका दिवसांत बदलतां येतें. पडदा विटला तर धुतां येतो. पण जमिनीच्या पोटांतील थर चुकला तर वरची सारी रचना उकरून काढल्यावांचून तो सुधारतां येत नाहीं. म्हणून ओसरीला काच लावण्यापूर्वीं जमिनीची बैठक निवडावी, हें आम्ही आज थोड्या विस्तारानें सांगणार आहों.

काचघर मुळांत कोणासाठीं?

या खोलीचा जन्म माणसांसाठीं झालेला नाहीं, झाडांसाठीं झालेला आहे. विलायतेच्या थंडींत लिंबू-नारिंगासारखीं झाडें जगावीं म्हणून तेथील श्रीमंतांच्या बागांत अशीं घरें उभीं राहूं लागलीं. काचेवरील कर १८४५ सालीं उठला आणि काच स्वस्त झाली. लंडनजवळील क्यू येथील उद्यानांतील प्रसिद्ध ताडगृह १८४४ ते १८४८ या काळांत बांधलें गेलें. आणि मूळचा माळीकाम करणारा जोसेफ पॅक्स्टन यानें काचघरें बांधण्याच्या आपल्या अनुभवावर लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनासाठीं प्रचंड स्फटिकमहाल रचून दाखविला. आपल्या देशांत बंगळूरच्या लालबागेंतील काचघर १८८९ सालचें आहे.

हा इतिहास येथें सांगण्याचें कारण एवढेंच कीं, झाडांच्या काचघरांत ओल हा दोष नसून गुण असतो. तेथें माळी मुद्दाम जमिनीवर पाणी शिंपडतो, कारण त्यायोगें हवा दमट राहते आणि पानें टवटवीत दिसतात. तेंच घर माणसांसाठीं, पुस्तकांसाठीं, लोकरी आसनांसाठीं वापरावयाचें म्हटलें कीं गुणाचा दोष होतो. घर एक, पण त्याचा धर्म बदलला. आणि धर्म बदलला कीं त्याची जमीनही बदलली पाहिजे.

ओल येते कोठून?

ओलीचे मार्ग मुख्यतः चार. पहिला, जमिनींतून वर चढणारें पाणी. समईची वात तेल वर ओढते, त्याच न्यायानें मातीचीं, विटांचीं आणि चुना-सिमेंटचीं सूक्ष्म छिद्रें पाणी वर ओढतात. छिद्र जितकें बारीक तितकें पाणी अधिक उंच चढतें. म्हणूनच बारीक चिकण मातींत तें कित्येक फूट चढूं शकतें, आणि जाड्या खडीच्या थरांत मात्र चढतच नाहीं. दुसरा मार्ग वाफेचा. जमिनींत पाणी दिसत नसलें तरी तिच्यांतून बाष्प सतत वर येत असतें, आणि तें खडीच्या पोकळ्यांतूनही निर्वेध येतें. तिसरा मार्ग बाहेरचा: पन्हळीचें पाणी, जोत्यावर उडणारे शिंतोडे, दाराच्या उंबऱ्याखालून शिरणारा ओघ. चौथा मार्ग आंतला: कुंड्यांचें पाणी, ओले कपडे, आणि दमट हवेंतील बाष्प थंड फरशीवर वा काचेवर गोठून येणारा घाम.

रत्नागिरीस वर्षाकाठीं १०० इंचांहून पुष्कळ अधिक पाऊस पडतो, पुण्यास सुमारें ३० इंच. यावरून पुणेकरांनीं निश्चिंत होऊं नये. पाऊस थोडा असला तरी काळी माती आपल्यांत पाणी धरून ठेवते, ओली झाली कीं फुगते आणि वाळली कीं आकसते. अशा मातीवर थेट टाकलेली जमीन केवळ ओलावत नाहीं, तर तडकतेही. उलट कोंकणांतील जांभ्याच्या जमिनींतून पाणी लौकर निचरतें. पण पावसाळ्याचे चार महिने तिला निचरावयास उसंतच मिळत नाहीं.

काच लावली कीं काय बदलतें?

येथें आमच्या सांगण्याचा गाभा आहे. उघड्या ओसरीच्या जमिनींतून ओल पूर्वींही वर येतच होती. शेणानें सारवलेली भुई किंवा सांधे मोकळे असलेली दगडी फरशी ती ओल वर सोडीत असे, आणि तिन्ही बाजूंनीं वाहणारा वारा ती वाहून नेत असे. आपल्या आजोबांच्या ओसरीवर ओल जाणवत नसे ती जमीन कोरडी होती म्हणून नव्हे, ओसरी उघडी होती म्हणून.

आतां तीच ओसरी बंद केली म्हणजे काय होतें तें पाहावें. दिवसा काचेंतून ऊन आंत येतें, जमीन तापते, जमिनींतील पाण्याची वाफ होते, आणि ती वाफ त्या कोंडलेल्या हवेंत साठते. रात्रीं काच बाहेरच्या गारव्यानें थंड पडते. वाफ काचेवर गोठते, थेंब ओघळतात आणि पुन्हां जमिनीवर येतात. सकाळीं गृहिणीला तावदानांच्या तळाशीं पाणी दिसतें, आणि घरांतील मंडळी सुताराला बोलावून सांधे लांबीनें भरून घेतात. सांधे बुजले कीं हवा आणखी कोंडते आणि ओल आणखी वाढते. पाणी जमिनींतून आलेलें, आणि उपचार खिडकीवर! आग सोमेश्वरीं आणि बंब रामेश्वरीं, असा हा प्रकार होय.

आणि प्रश्न केवळ काचेवरील थेंबांचा नाहीं. ओलसर जागीं बुरशी धरते. पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर पांढरी साय येते. सतरंजीला कुबट वास लागतो. लांकडाला वाळवीची वाट मोकळी होते. जागतिक आरोग्य संघटनेनें २००९ सालीं घरांतील ओल आणि बुरशी यांविषयीं जी मार्गदर्शक पुस्तिका प्रसिद्ध केली, तींत अशा घरांत राहणाऱ्यांस श्वसनाच्या तक्रारी आणि दमा यांचा उपद्रव अधिक होतो, असें स्पष्ट म्हटलें आहे. काचघर आपण बहुधा घरांतील वृद्धांसाठीं आणि मुलांसाठीं बांधतों. आणि ओलीचा त्रास सर्वांत आधीं त्यांनाच होतो. त्यांत ओलसर गुळगुळीत फरशीवरून वयस्क माणसाचा पाय सरकण्याचें भय निराळेंच.

आधीं निदान, मग उपचार

ओसरी जुनी असेल तर एक साधी परीक्षा घरच्या घरीं करतां येते. दीड फूट लांब व तितकाच रुंद असा जाड प्लास्टिकचा पारदर्शक तुकडा घ्यावा, जमीन स्वच्छ पुसून कोरडी करावी, आणि तो तुकडा चारही बाजूंनीं चिकटपट्टीनें घट्ट बसवून एक दिवस व एक रात्र तसाच ठेवावा. दुसऱ्या दिवशीं प्लास्टिकच्या खालच्या अंगास थेंब दिसले किंवा खालील फरशी काळपट झाली, तर ओल जमिनींतून येत आहे असें समजावें. खालचें अंग कोरडें आणि वरचें दमट असेल, तर ती ओल हवेंतील आहे. तेथें जमीन उकरण्याऐवजीं वारा खेळता ठेवण्याचा विचार करावा. ओल केवळ भिंतीकडेलाच दिसत असेल आणि पावसाच्या सरीबरोबर वाढत असेल, तर आधीं पन्हळ आणि अंगणाचा उतार पाहावा. ही परीक्षा श्रावण-भाद्रपदांत, माती पोटभर भिजलेली असतांना करावी. वैशाखांत केलेली परीक्षा खोटा दिलासा देते.

बैठक कशी असावी?

नव्यानें बांधावयाचें असेल तर आमची पसंती निःसंशय दगड, ओल अडविणारा कागद आणि काँक्रीट या तिन्हींच्या बैठकीला आहे. तिचे थर खालून वर असे:

प्रथम मुळें-पाचोळा असलेली वरची माती काढून टाकावी. काळी माती असेल तर ती शक्य तितकी खोल काढावी आणि तिच्या जागीं मुरूम भरावा. मुरूम एकदम न ओततां सहा ते आठ इंचांचा एकेक थर टाकून, पाणी मारून, धुमसानें चोपावा. घाईनें भरलेला मुरूम पुढें दबतो आणि वरची जमीन खचते. वाळवीप्रतिबंधक औषध घालावयाचें तें याच वेळीं, काँक्रीट पडण्यापूर्वीं.

त्यावर सहा ते नऊ इंच जाडीचें दगडी सोलिंग. दगड हातानें उभे रचून त्यांमधील फटी लहान खडीनें भराव्या. याच थराच्या मोठ्या पोकळ्या चढत्या पाण्याची वाट तोडतात. कित्येक ठिकाणीं पैसे वांचविण्यासाठीं सोलिंगाऐवजीं बांधकामाचा राडारोडा टाकतात. त्यांतील विटांचा व चुन्याचा भुगा पाणी वर ओढण्याचेंच काम करतो. म्हणून तो मोह टाळावा.

सोलिंगावर दोनएक इंच बारीक खडी वा वाळू पसरून पृष्ठ सपाट करावें, कारण त्यावर यावयाचा आहे प्लास्टिकचा कागद, आणि दगडाचें एक टोंक त्याला भोंक पाडावयास पुरेसें होतें. सोलिंग पाणी अडवितें, पण वाफ अडवीत नाहीं. तें काम या कागदाचें. तो किमान २५० मायक्रॉन जाडीचा घ्यावा. बाजारांत झांकण्यासाठीं मिळणारा पातळ कागद येथें उपयोगाचा नाहीं. दोन तुकडे जोडतांना एकावर एक सहा इंच चढवून चिकटपट्टीनें जोडावे, आणि चारही कडा भिंतीलगत वर वळवून जोत्यावरील डीपीसीच्या थराशीं मिळवाव्या. ही शेवटची गोष्ट हमखास विसरली जाते. कडा मोकळ्या राहिल्या तर ओल जमिनींतून न येतां भिंतींतून येते, आणि वर्षादोन वर्षांत गिलाव्याला लोणा लागून पोपडे सुटूं लागतात.

कागदावर चार इंच काँक्रीट. तें ओतण्याच्या दिवशीं घरांतील कोणा जबाबदार माणसानें स्वतः उभें राहावें. घमेलीं ओततांना कागद फाटला आणि तो तसाच गाडला गेला, तर पुढें कोणासही कळत नाहीं. काँक्रीटवर निदान सात दिवस पाणी धरावें. कुंड्या ठेवावयाच्या असतील तर वरच्या पृष्ठाला दर दहा फुटांस सव्वा इंच इतका उतार ठेवून पाण्याला बाहेर जाण्याची वाट द्यावी. बसतांना हा उतार जाणवत नाहीं.

काचघराचें जोतें आणि जुन्या घराचें जोतें हीं सारख्या गतीनें बसत नाहींत. तीं एकजीव करण्याचा हट्ट धरला तर सांध्यावर तडा ठरलेला. म्हणून दोहोंमध्यें एक सरळ सांधा मुद्दाम राखून तो लवचिक मसाल्यानें भरावा. तसेंच बाहेरचें अंगण डीपीसीच्या थरापासून किमान सहा इंच खालीं असावें. दर वर्षीं अंगणांत माती घालून तें हळूहळू जोत्याच्या बरोबरीला आणण्याची जी खोड अनेक घरीं असते, ती ओलीला घरांत बोलावून आणते.

सिमेंटमध्यें मिसळावयाचीं औषधें आणि वरून लावावयाचे रंग यांची जाहिरात फार. औषधानें काँक्रीट घट्ट होतें हें खरें. पण त्याला पुढें बारीक तडा गेला तर औषध तो बुजवूं शकत नाहीं, कागद मात्र त्याखालीं अखंड राहतो. आणि वरून लावलेल्या रंगाला खालून येणारी ओल ढकलून फुगविते. हीं साधनें मदतनीस म्हणून ठीक. मुख्य राखणदार म्हणून नव्हेत.

लांकडी जमीन हवी असेल तर

तरुण मंडळींना पुष्कळदां पायाला उबदार लागणारी लांकडी जमीन हवी असते. ती अशक्य नाहीं. मात्र तिच्याखालीं वर सांगितलेली सर्व बैठक हवीच. ती वगळून मातीवर वा जुन्या ओलसर फरशीवर लांकूड पसरणें म्हणजे वाळवीला पंगत वाढणें होय.

लांकडाखालीं जो प्लायवूडचा थर येतो, त्याच्या बाबतींत ग्राहकाची एका शब्दावरून फसगत होते. दुकानांत जो कमर्शियल प्लाय म्हणून मिळतो, त्यावर बहुधा एमआर असा शिक्का असतो. त्याचा अर्थ ओलसर हवेला कांहींसा तोंड देणारा. पाण्याला दाद न देणारा असा नव्हे. भारतीय मानकांप्रमाणें आयएस ३०३ मध्यें एमआर ही खालची प्रत आणि बीडब्ल्यूआर ही वरची, तर आयएस ७१० हें सागरी प्लायवूडचें मानक आहे. त्याचा चिकटा ७२ तास उकळत्या पाण्यांत ठेवून पारखतात. काचघराच्या जमिनीसाठीं आयएस ७१० ची फळी घ्यावी. तितकी ऐपत नसेल तर निदान बीडब्ल्यूआर. भुशाचे दाबलेले तक्ते, मग ते वरून कितीही गुळगुळीत असोत, येथें घेऊं नयेत. एकदां ओल लागून ते फुगले कीं पूर्ववत् होत नाहींत.

फायबर सिमेंटचे तक्तेही आतां मिळतात. ते कुजत नाहींत, त्यांस वाळवी लागत नाहीं, आणि फरशी चिकटविण्यासाठीं ते चांगले आहेत. परंतु न कुजणें वेगळें आणि पाणी अडविणें वेगळें. त्यांच्यांतून ओल पार जाते. म्हणून तेही कागदाची जागा घेऊं शकत नाहींत. फळ्या रिपांवर बसवावयाच्या असतील तर रिपांखालीं हवा खेळेल अशी पोकळी ठेवून समोरासमोर लहान जाळ्या बसवाव्या. आणि वृद्ध मंडळींच्या पायाखालच्या जागेचा विचार करतां, आमच्या मतें, खरखरीत पृष्ठाची फरशी व तिच्यावर हिवाळ्यापुरती सतरंजी हीच तडजोड दोन्ही पिढ्यांस मानवणारी आहे.

जुन्या वाड्यांची गोष्ट निराळी

ज्यांचे वाडे दगड-मातीचे वा चुन्याचे आहेत आणि ज्यांच्या जोत्यांत ओल अडविणारा थरच नाहीं, त्यांनीं वरील कृती डोळे मिटून करूं नये. तेथें जमीन एकदम बंद केली तर खालची ओल नाहींशी होत नाहीं. ती वाट शोधीत भिंतीकडे वळते, आणि जी भिंत शंभर वर्षें निकोप होती तिला लोणा लागतो. अशा ठिकाणीं सोलिंगावर चुन्यांत बसविलेली दगडी फरशी, भिंतीलगत हातभर रुंदीची खडीची मोकळी पट्टी, आणि तावदानांना खालीं व वर दोन्हीकडे झरोके, हा मार्ग अधिक सुरक्षित. भिंत जाड आणि पुरातन असेल तर जुन्या बांधकामाची माहिती असलेल्या स्थापत्यज्ञाचा सल्ला घेतल्यावांचून हात घालूं नये. आणि सल्ला असा आला कीं, येथें तीन बाजूंऐवजीं एकाच बाजूला काच लावा, तर तो आनंदानें मानावा. वाडा टिकला तर ओसरी आहे.

कामाचा हंगाम

हवेंतील ओल कमी असतांनाच हीं कामें करावीं. दिवाळी आटोपली कीं खोदाई सुरू करून मार्गशीर्षाच्या आरंभीं काँक्रीट पडेल असा बेत ठेवावा. खालीं कागद असल्यामुळें काँक्रीटमधील पाणी फक्त वरूनच वाळतें. त्याला दर इंचास सुमारें एक महिना लागतो असा अनुभवी लोकांचा ठोकताळा आहे. म्हणजे चार इंचांस चार महिने. चैत्रांत वरील प्लास्टिकची परीक्षा पुन्हां करून जमीन वाळल्याची खात्री करावी. ती नवीन काँक्रीटमधलें पाणी शिल्लक आहे कीं नाहीं एवढेंच सांगेल. पण लांकूड बसविण्यापूर्वीं तेवढेंच कळणें पुरेसें आहे. नंतर फरशी वा लांकूड, आणि सर्वांत शेवटीं तावदानें. मृग निघण्यापूर्वीं सारें काम सहज पुरें होतें. पावसाळ्याच्या तोंडावर घाईनें टाकलेलें काँक्रीट आणि त्यावर आठच दिवसांत चिकटविलेलें लांकूड यांचा परिणाम पुढील गौरी-गणपतींत पाहुण्यांच्या पायाखालीं दिसूं लागतो.

एकत्र कुटुंबांत खर्चाचा प्रश्न नाजूक असतो, हें आम्ही जाणतों. जो पैसा डोळ्यांस दिसत नाहीं तो मातींत गेला असें वाटणें स्वाभाविक आहे. तेव्हां घरच्या कर्त्या माणसानें अंदाजपत्रक मांडतांना जमिनीखालील कामाची रक्कम प्रथम बाजूला काढून ठेवावी, आणि उरलेल्या रकमेंत काचेची हौस बसवावी. पैसे कमी पडले तर यंदा जमीन पुरी करावी व तावदानें पुढील वर्षीं लावावीं. त्यांत कांहींच बिघडत नाहीं. मधल्या पावसाळ्यांत ती जमीन कशी वागते हेंही पाहावयास मिळेल, आणि ओसरी आणखी एक वर्ष उघडी राहिल्याबद्दल घरांतील वडीलधारी मंडळी बहुधा तक्रार करणार नाहींत.